परक्या घंटेचा षड्ज

एकदा एका सकाळी एक तानपुरा उतरलेला सापडला.

गोष्ट म्हटली तर एवढीशीच. तानपुरे उतरतातच. हवेत ओल आली की लाकूड फुगतं, खुंट्या सरकतात, तारा सैलावतात. पण आदल्या संध्याकाळी ज्या मुलीने तो लावून, गवसणी घालून कोपऱ्यात उभा केला होता, ती दोन पावलं मागे सरली. कारण चारही तारा सारख्याच सैल होत्या. हवा असं करत नाही. हवा एखाद्या तारेला जास्त छळते, एखादीला सोडून देते. इथे कुणीतरी निवांत बसून एकेक खुंटी फिरवली होती आणि तानपुऱ्यातला जीव काढून घेतला होता.

मुलीचं नाव अनसूया. ती कशानेही दचकत असे. दाराची कडी वाजली तरी, ताटली पडली तरी, मागून कुणी प्रेमाने नाव घेतलं तरी. या घरात येऊन तिला फार काळ झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर या घरात तिला यायचंच नव्हतं.

तिला जायचं होतं राजधानीतल्या गायनशाळेत. त्या शाळेची कीर्ती अशी, की तिथे शिकलेला गायक नुसता खोकला तरी लोक मान डोलावत. शाळेच्या मधल्या चौकात काशाची एक थोरली घंटा टांगलेली होती. रोज पहाटे तिच्यावर टोला पडे आणि घणघणाट ओसरल्यावर हवेत जो सूर मागे उरे, तोच शाळेचा षड्ज. सगळ्यांनी त्याच सुरावर तानपुरे लावायचे, त्याच सुरात गायचं. प्रवेशाची परीक्षाही त्याच सुरात. त्यामुळे राजधानीच्या बाजारात त्या सुराच्या बांबूच्या पिपाण्या मिळत. पिपाणी फुंकली की घंटेचा सूर निघे. दुसरं काही तिच्यातून निघतच नसे. दूरदूरच्या गावांतले आईबाप त्या विकत नेत, आणि मूल धड बोलायला लागायच्या आत ती त्याच्या तोंडाशी धरत.

अनसूयेच्या वडिलांनीही आणली होती. तिच्या घरात सकाळी आधी पिपाणी वाजे, मग दूध मिळे. ती त्या सुरात गाणी शिकली, त्या सुरात श्लोक म्हणू लागली, शेजारणींनी बोलावलं तर हळदीकुंकवालाही त्याच सुरात गायली. तो सूर तिच्या गळ्याला जरा उंच पडतो, वरच्या षड्जाशी पोचताना मानेच्या शिरा ताठतात, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. पण त्याला सगळे मेहनत म्हणत.

परीक्षेच्या दिवशी नेमका तिथेच, वरच्या षड्जाशी, तिचा आवाज फाटला. परीक्षक वाईट बोलले नाहीत. "बस, बाळ," एवढंच म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं. परतीच्या वाटेवर वडील बैलगाडी हाकत राहिले. गावाची वेस दिसू लागल्यावर म्हणाले, "नदीकाठच्या एका गावात एक म्हातारे गायक आहेत म्हणे. शिकवतात." ते 'म्हणे' तिला फार लागलं. बाजार उठताना उरलीसुरली भाजी घ्यावी, तसं ते तिला वाटलं.

तर ती इथे आली. पहिल्याच सकाळी हे असं.

घरात माणसं मोजकी. वृद्ध गायक, ज्यांना सारं गाव गुरुजी म्हणे, आणि स्वयंपाकपाणी पाहणाऱ्या भिवरामावशी. अनसूया चुलीपाशी गेली.

"मावशी, रात्री तानपुऱ्याला कुणी हात लावला होता का?"

"मी नाही बाई," मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "त्या भोपळ्याची भाजी कर म्हणालीस तर करीन. बाकी मला त्यातलं काय कळतंय!"

"मग उंदीर असेल."

"उंदीर खुंट्या पिळतो होय? भलताच हुशार दिसतोय. गुरुजींना म्हणावं, त्यालाच शिकवा. खायला तरी कमी लागेल."

अनसूयेला हसू आलं नाही. तिने गाठोड्यातून पिपाणी काढली, फुंकली, आणि तारा पुन्हा त्या सुरावर चढवल्या. दुसऱ्या सकाळी तानपुरा पुन्हा उतरलेला. तिसऱ्याही. मग तिची झोप उडाली. रात्री जरा खुट्ट झालं की ती उठून बसे आणि अंधारात तानपुऱ्याच्या दिशेने पाहत राही.

उलगडा मात्र रात्री नव्हे, उजेड असताना झाला. एका संध्याकाळी ती नदीवर निघाली आणि तांब्या विसरला म्हणून वाटेतूनच परतली. ओसरीवर गुरुजी बसले होते. तानपुरा मांडीवर आडवा. डोळे मिटून ते एकेक खुंटी सोडत होते, दमून आलेल्या बैलाच्या मानेवरचं जू उतरवावं तितक्या मायेने. अनसूया जागच्या जागी थिजली. चोरी गुरुजींची पकडली गेली होती, पण घाम तिलाच फुटला.

गुरुजींनी डोळे उघडले. जराही गडबडले नाहीत. शेवटची खुंटी सोडली, तानपुऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाले, "आलीस? पाय धुऊन ये. दिवा लावायची वेळ झाली."

विचारायला हवं होतं. पण घाबरणारी माणसं प्रश्न विचारत नाहीत. ती मनातल्या मनात उत्तरं तयार करतात, आणि त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर खरं धरून चालतात. अनसूयेने ठरवून टाकलं, की गुरुजींना आपण नकोशा झालो आहोत. शाळेने नाकारलेली मुलगी यांच्या गळ्यात पडली, आता तोंडाने जा म्हणता येत नाही, म्हणून हे असं.

मग तिनेही एक गोष्ट मनाशी धरली. शाळेचा एक नियम होता: नापास झालेल्याला एकदाच, पुढच्या वर्षी, पुन्हा परीक्षेला बसता येई. तिने ठरवलं, वर्षभर याच सुरात गळा घासायचा. वरचा षड्ज एकदा लागला, की हे घर, ही नदी, हा उतरलेला तानपुरा, सगळं एक वाईट स्वप्न होऊन जाईल.

गुरुजी शिकवत ते ती शिके. पण तिच्या बोलण्यात सारखं 'तिथे' येई. तिथे म्हणे चौकात फरशी इतकी गुळगुळीत आहे की स्वर घसरून परत येतात. तिथे आलाप असा करत नाहीत. तिथल्या मुली पहाटे उठतात. जेवायला बसलं तरी तिथे काय वाढत असतील, हेच डोळ्यांपुढे.

एकदा मावशी वैतागून म्हणाल्या, "तिथल्या भाकरीला काय कोपरे असतात का गं? गोलच असेल ना ती पण?"

"तसं नाही मावशी..."

"मग कसं? इतके दिवस झाले, माझ्या हातचं बरं की वाईट, एक शब्द नाही. निदान खारट झालंय म्हण! माणसाला बरं वाटतं."

अनसूया ओशाळली. भाकरीची चव खरोखरच तिला सांगता आली नसती.

रोज सकाळी ती पिपाणीवर तानपुरा चढवी आणि गायला बसे. मधल्या सप्तकात बरं चाले. वर जाऊ लागलं की मान पुढे येई, भुवया चढत, आणि आवाज सुईसारखा बारीक होत होत शेवटी तुटे. गुरुजी म्हणत, "पुरे." त्या 'पुरे'मध्ये तिला परीक्षकांचं 'बस' ऐकू येई. मग गुरुजी बाहेर गेले की ती पुन्हा बसे आणि तीच जागा पुन्हा घासे. हळूहळू बोलतानाही तिचा आवाज खरखरू लागला. मावशी न सांगता ज्येष्ठमधाचा तुकडा तिच्या पानाशी ठेवू लागल्या. गुरुजी एकदा स्पष्टच म्हणाले, "असंच चाललं तर वर्षाअखेरीस परीक्षा राहील, गळा राहणार नाही." ती मान खाली घालून हो म्हणाली, आणि दुपारी पुन्हा तेच केलं.

एके दिवशी राजधानीकडून एक व्यापारी आला. फण्या, आरसे, सुया, रंगीत दोरे. त्याने तुळशीपाशी गाठोडं सोडलं आणि हातावर पाणी मागितलं. तानपुरा पाहून त्याचे डोळे चमकले.

"गाणाऱ्यांचं घर दिसतंय! ताई, मग पिपाणी घ्याच. नव्या सुराची आहे."

"नव्या सुराची म्हणजे?" अनसूयेने विचारलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही? शाळेची घंटा तडकली की! कुणी म्हणतं टोला जोरात बसला, कुणी म्हणतं जुनीच झाली होती. नवी ओतून टांगली. पण ओतारी वेगळा, काशाचा मेळ वेगळा. सूर आला खाली. शाळेतली पोरं बसलीत सगळी पहिल्यापासून जुळवत. आणि बाजारात तर विचारू नका. जुन्या पिपाण्यांच्या मोळ्या बांधून आम्ही पाणी तापवलं!"

"आणि जुन्या सुरात... आता कोण गातं?"

"जुन्या सुरात?" व्यापारी मोकळेपणी हसला. "कोण गाणार? असेल एखादं आडगावात राहिलेलं, ज्याला बातमी पोचली नाही."

मावशींनी अनसूयेचा चेहरा पाहिला. "उचल रे बाबा तुझं गाठोडं," त्या म्हणाल्या. "तुळशीला ऊन लागू दे. आणि जाताना ती मोठ्या दातांची फणी ठेवून जा, तेवढी मला हवी आहे."

व्यापारी गेला. अनसूया आत आली. गुरुजी खिडकीशी बसले होते; त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात पिपाणी होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं, इतकं साधं काम, पण कळत नव्हतं. आणि मग एवढ्या दिवसांत जे विचारायचा धीर झाला नव्हता, ते तिच्या तोंडून भांडण उकरून काढावं तसं बाहेर आलं.

"तुम्ही रोज माझा तानपुरा का उतरवता? मी नको असेन तर तसं सांगा ना! मी जाईन. माझे वडील येतील न्यायला. पण असं रोज... रोज कशाला?"

"विचारायला फार वेळ लावलास," गुरुजी म्हणाले. "बस."

हे 'बस' वेगळं होतं. ती बसली.

"आधी एक सांगतो," गुरुजी म्हणाले, "ती शाळा चांगली आहे. तिथे तुला घेतलं नाही, याचं वाईट वाटणारच. वाटू दे. बरं झालं नाही घेतलं, त्यातच तुझं भलं होतं, असलं काही मी तुला सांगणार नाही. तसं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या समाधानाने घटकाभर बरं वाटतं आणि मग जास्त दुखतं. आता मला सांग, गंधार कोमल आहे की शुद्ध, हे तू कशावरून ओळखतेस?"

"षड्जावरून."

"आणि मध्यम तीव्र आहे हे?"

"षड्जावरूनच."

"मग षड्ज कशावरून ओळखतेस?"

"घंटे..." अनसूयेने शब्द अर्धाच सोडला.

"षड्ज कशावरूनही ओळखत नाहीत, बाळ. तो मानायचा असतो. गाणाऱ्याने आपला गळा पाहावा, तो खाली कुठवर सुखाने उतरतो, वर कुठवर सुखाने चढतो. आणि मग एका जागी मांडी घालून म्हणावं, हा माझा सा. बाकीचे सहा स्वर तिथून मोजायचे. तू आपला षड्ज दुसऱ्याच्या अंगणात टांगून आलीस, आणि आता सगळं तिथून मोजतेस. माझं शिकवणं तिथून मोजतेस, मावशींची भाकरी तिथून मोजतेस, तुला इथवर आणून सोडणारे वडील तिथून मोजतेस. आणि सगळ्यांत कठोरपणे मोजतेस ती स्वतःला. तिथून मोजल्यावर इथला प्रत्येक स्वर उतरलेलाच निघणार. त्यात त्या स्वरांचा काय दोष?"

बाहेर मावशींनी फणी घासून ठेवल्याचा आवाज झाला. अनसूया दचकली, आणि दचकल्याची लाज वाटून आणखी आक्रसली.

"तारा मी याचसाठी सैल करतो," गुरुजी म्हणाले. "मला वाटे, कधीतरी हा मुका तानपुरा हाती आल्यावर तू पिपाणी शोधणार नाहीस. आधी आपल्या गळ्याला विचारशील. म्हातारा माणूस आहे, आशा लवकर सोडत नाही. आणि आता तर ती घंटाही राहिली नाही. ज्या शाळेसाठी तू झुरतेस, ती शाळा त्या शाळेतसुद्धा उरलेली नाही. या जगात ती एकाच ठिकाणी शिल्लक आहे, तुझ्या दुखऱ्या गळ्यात."

अनसूयेने विचारलं, "मग पुढच्या वर्षी परीक्षेला जाऊच नको?"

"जा की! मी कुठे नको म्हणालो? नव्या घंटेच्या सुरात गा. पाहुण्याने यजमानाच्या सुरात सूर मिसळावा, ती रीतच आहे. घेतलं तर शीक. नाही घेतलं तर पाया पडून परत ये. पण पाहुणं म्हणून जाण्यासाठी आधी स्वतःचं घर लागतं."

"माझा सा कोणता, गुरुजी?"

गुरुजी हसले. "मला काय विचारतेस? गळा तुझा."

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. कळलं आणि वळलं, असं गोष्टींत होतं; माणसांत कळणं आणि वळणं यांच्यामध्ये बरीच ओसाड जमीन असते. अनसूयेने पिपाणी गाठोड्याच्या तळाशी ठेवली, त्या दिवसापासून ती फुंकली नाही. पण गळा सवयीने तिथेच जाई, घर बदललं तरी पाय जुन्या गल्लीत वळावेत तसा. जुना सूर आला की ती ओठ मिटून घेई. दुसरा कोणता घ्यावा, ते सुचत नसे. तानपुरा कोपऱ्यात सैल तारांनी उभाच राहिला. गुरुजींनाही आता तो उतरवावा लागत नव्हता. सगळ्यांत जास्त भीती तिला याच दिवसांत वाटली. हरलेली मुलगी निदान काहीतरी गात होती. आता घरात गाणंच नव्हतं. आपण गाणं कायमचं हरवून बसलो की काय, हे तिला कुणाला विचारताही येईना.

गुरुजींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते तिला लाकडं आणायला सांगत, पोथी वाचून दाखवायला सांगत. मावशी तर खूष होत्या. "आता निदान जेवताना ताटात बघतेस," त्या म्हणाल्या. "आज कशी झालीय भाजी?"

"थोडी खारट."

"हां! आता कसं माणसात आल्यासारखं बोललीस!"

पौषात मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. घरात गुरुजी आणि अनसूया दोघंच. पहाटे उठून नदी ओलांडायची, पलीकडच्या महादेवाला पाणी घालायचं आणि उजाडता उजाडता परतायचं, हा गुरुजींचा नेम होता. नदीत उताराच्या जागी मोठाले दगड टाकलेले होते, त्यांवरून ते काठी टेकत जात. अलीकडे त्यांना दिसत कमीच होतं, पण ते दगड त्यांच्या तळपायांना पाठ होते. दगडांच्या खालच्या अंगाला डोह होता. त्यात गुरंही कुणी घालत नसत.

त्या सकाळी अनसूया उठली तेव्हा दाराबाहेर काहीच नव्हतं. अंगण नव्हतं, तुळस नव्हती, पांढऱ्या धुक्यात सगळं विरून गेलं होतं. तिने चूल पेटवली. गुरुजींसाठी पाणी ठेवलं. पाणी तापलं, उकळलं, तिने ते खाली उतरवलं, ते निवलं, तिने पुन्हा चुलीवर ठेवलं. येतील, तिने स्वतःला सांगितलं. आपल्याला उगीच घाबरायची सवय आहे. पाणी दुसऱ्यांदा उकळलं तेव्हा मात्र ती उठली आणि अनवाणीच नदीकडे गेली.

काठ पायाला लागला म्हणून कळला. पुढे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात चहूबाजूंनी पाण्याचा आवाज. दगडांचा उतार डावीकडे आहे की उजवीकडे, तेसुद्धा उमगेना. जिला डोळ्यांनी दिसतं तिची ही गत, तर गुरुजी आत कुठेतरी उभे असतील तर त्यांचं काय?

"गुरुजी!"

घाबरलेला आवाज वर चढतो. तिचा चढला, आणि जुन्याच जागी जाऊन फाटला. धुक्याने तो चिंधी गिळावी तसा गिळला. उत्तर आलं नाही. कुठेतरी दगड घरंगळला आणि पाण्यात काहीतरी डुबुक वाजलं. बेडूक असेल. पाणकोंबडी असेल.

"गुरुजी! गुरुजी ओ!"

प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा उंच जात होती आणि प्रत्येक हाकेत आवाज कमी उरत होता. शेवटी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. गावात धावत जावं, चार माणसं आणावीत, असं मनात आलं. पण गाव लांब, आणि तोवर इथे कुणीच नसणार. ती ओल्या दगडावर मटकन बसली.

त्या क्षणी तिला गुरुजींचं बोलणं आठवलं वगैरे काही नाही. तिला काहीच आठवत नव्हतं. डोक्यावरचा भरलेला हंडा खाली ठेवताना बाईच्या तोंडून जसा आपोआप हुंकार निघतो, तसा तिच्या छातीतून एक हुंकार निघाला. खालचा, रुंद, कुणाला ऐकवायचा नसलेला. आणि तो तुटला नाही.

तिने तोच धरला. तोंड उघडलं, 'आ' झाला. शब्द तिने टाकून दिले. शब्दांचे धुक्यात तुकडे होतात. पलीकडे कुणी काठी टेकून उभं असेल तर त्याला तुटक हाकेचा काय उपयोग? त्याला सलग काहीतरी हवं, दोरासारखं, ज्याला धरून पाऊल टाकता येईल. आणि दोर हलता कामा नये. सूर इकडेतिकडे झाला तर तो म्हाताऱ्या माणसाला डोहात घेऊन जाईल. म्हणून आवाज बरा लागतोय का, उंच आहे का, कुणी ऐकलं तर काय म्हणेल, हे पाहायला तिला सवडच नव्हती. श्वास संपे. ती श्वास घेई. पुन्हा त्याच जागी सूर ठेवी.

आणि दर वेळी ती जागा न शोधता सापडत होती. हे लक्षात आलं तेव्हा ती दचकली. पण दचकूनही सूर हलला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात सूर्याचा एक फिकट डाग उमटला. पाय बधिर झाले. उत्तर नव्हतं. आता थांबावं, असं वाटे, आणि थांबलो तर दोर सुटेल या धास्तीने ती पुन्हा श्वास भरून घेई. गाणं वाचावं म्हणून नव्हे, शाळेसाठी नव्हे, फक्त त्या पलीकडच्या माणसासाठी ती तो एक स्वर नदीवर धरून बसली.

मग कुणीतरी खोकलं.

ती पाहत होती त्या दिशेला नव्हे. खूप उजवीकडे, डोहाच्या अंगाला, जिथे कुणी असायलाच नको होतं तिथे. काठी दगडावर टेकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, या वेळी थोडा अलीकडे. अनसूयेने डोळे मिटून घेतले आणि सूर आणखी घट्ट धरला. आणि थंडीने कापणाऱ्या म्हाताऱ्या आवाजात, तिच्या सुरापासून नीट मोजून घेतलेला पंचम धुक्यातून सावकाश तिच्याकडे चालत आला.